मिस्सेत भाषांतराचे हेडसेट: कोकणातल्या चर्चसाठी परखड परीक्षण

आधी निकाल सांगून टाकतो. एक ट्रान्समीटर, वीस रिसीव्हर, एका कानात अडकवायचे इअरफोन, डोक्यावर बसणारा एक माईक आणि चार्जिंगची पेटी असा २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा 'टूर गाइड' संच बाजारात मिळतो. पर्यटकांना किल्ले दाखवणाऱ्या गाइडसाठी बनवलेला हा संच चर्चमध्ये मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीच्या, भाषांतरासाठी चांगला चालतो. आवाज स्वच्छ, वापरायला सोपा, मध्यम पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक मंडळीच्या, आवाक्यातला. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कोकणच्या खाऱ्या हवेनं खाल्ला. उरलेला एक घेणारे स्वतःच घालवतात, कारण हा संच 'बाहेरून आलेल्या लोकांसाठी' म्हणून घेतला जातो आणि तिथेच घोळ सुरू होतो.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. वेगवेगळ्या नावांनी जवळपास हीच रचना मिळते, आणि खाली जे दोष सांगितलेत ते या जातीच्या बहुतेक संचांत निघतात.

गरज कुणाला आहे ते आधी बघू. किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये रविवारी बाकांवर नजर फिरवली तर चिरेखाणीवर आणि बांधकामावर आलेले झारखंड-ओडिशाचे उरांव, मुंडा, खडिया दिसतात, दवाखान्यांतल्या केरळच्या नर्सेस दिसतात. आंब्याच्या बागा राखणारे आणि मिरकरवाड्यासारख्या बंदरात बोटींवर खलाशी असलेले नेपाळी कॅथलिक चर्चपेक्षा लहान प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जास्त भेटतात. आणि 'स्थानिक' म्हणतो ते तरी एकजिनसी कुठे आहेत? वसईत सामवेदी आणि वाडवळी, सिंधुदुर्गात मालवणी आणि कोंकणी, कोर्लईत तर पोर्तुगीजमधून उपजलेली क्रिओल बोली अजून घरात बोलली जाते. मराठी मिस्सा ही यातल्या कित्येकांसाठी मुळातच दुसऱ्या भाषेतली मिस्सा आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेसंबंधीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केला, त्यानंतर लोकभाषा वेदीवर आल्या. त्याआधी लॅटिनपुढे सगळेच सारखे अडाणी होते, त्यातही एक समता होती म्हणायची.

हेडसेट लागतो किती वेळ?

कॅटलॉगात हे सांगत नाहीत, आणि खरेदी किती करायची ते यावरच ठरतं. मिस्सेचा बराचसा भाग ठरलेल्या शब्दांचा असतो आणि क्रम जगभर तोच. झारखंडातल्या गुमल्याहून आलेल्या उरांव गड्याला मराठी शब्द कळला नाही तरी मिस्सा कुठवर आली हे बरोबर कळतं. रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्रात बांधलेली असतात, म्हणजे त्या दिवशीचं हिंदी वाचन हिंदी वाचनग्रंथात आधीच छापलेलं आहे. त्याचं जागच्या जागी भाषांतर करणं हा फुकटचा उद्योग आहे, आणि त्यात चुकाही होतात. भाषांतरकारानं तो उतारा समोर ठेवून माईकवर सरळ वाचावा.

मग खरं भाषांतर उरतं तीन ठिकाणी: प्रवचन, श्रद्धावंतांच्या प्रार्थना आणि शेवटच्या सूचना. प्रवचन बारा-पंधरा मिनिटांचं धरलं तर वाचनं वगळून सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. तासभर इअरफोन लावून बसवलेला माणूस गात नाही, प्रतिसाद देत नाही, 'प्रभू तुम्हाबरोबर असो'ला ओठसुद्धा हलवत नाही. तो मिस्सा ऐकायला आलेला प्रेक्षक होऊन जातो. म्हणून प्रवचन आणि प्रार्थना संपल्या की भाषांतरकारानं माईकवरूनच सांगावं, 'आता कानातून काढा, अर्पणाच्या गीताचं पान अमुक', आणि सूचनांच्या वेळी पुन्हा लावायला सांगावं.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गणित बदलतं. तिथे उपदेश अर्धा-पाऊण तास चालतो, म्हणजे भाषांतरकार दोन हवेत आणि दर वीस मिनिटांनी अदलाबदल हवी. वीस मिनिटांनंतर एकट्या माणसाची वाक्यं आखूड होतात, मग गळायला लागतात. ऐकणाऱ्याला ते कळत नाही, आणि खरी पंचाईत तीच.

आवाज आणि पल्ला

आवाजाला पाचपैकी चार. डिजिटल संचात खरखर नाही, उशीर जाणवत नाही. इअरफोन एकाच कानाचा आहे ही उणीव समजू नका. दुसरा कान मोकळा राहतो, त्यात फादरांचा मूळ आवाज, शेजारच्याचं 'आमेन', पोराचं रडणं, सगळं येत राहतं. दोन्ही कान झाकणारे हेडफोन इथे नकोतच. अपवाद फक्त श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा, त्यांच्याविषयी पुढे.

पल्ल्याचा आकडा मात्र मैदानातला असतो. खोक्यावर शंभर मीटर लिहिलंय म्हणून जुन्या चर्चमध्ये शंभर मीटर मिळणार नाहीत. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात शोषली जाते आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. रिकाम्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी चाचणी घेतली तर सगळं झकास चालतं, रविवारी बाक भरले की मागच्या चार रांगांत आवाज तुटतो. त्यातून जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती. भाषांतरकाराला सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीलगतच्या तयारीच्या खोलीत, बसवून ट्रान्समीटर तिथेच कमरेला अडकवला तर मधल्या भिंतीनं निम्मा खेळ संपतो.

उपाय साधा आहे. ट्रान्समीटर उंचावर, माणसांच्या डोक्यांवरून दिसेल असा ठेवायचा. गायनमंडळाची माडी असेल तर कठड्यावर, नसेल तर खांबाला आठ फुटांवर. चाचणी घेताना निदान शेवटच्या दोन रांगांत माणसं बसवून घ्या. आणि मिस्सा यूट्यूबवर दाखवणारा वायफाय राउटर शेजारी असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्या. दोघं एकाच पट्ट्यात भांडले की हेडसेटच हरतो.

दुसरा हमखास घोळ मिक्सरचा. भाषांतरकाराला हॉलमधल्या स्पीकरचा घुमणारा आवाज ऐकून भाषांतर करायला लावू नका. उंच छपराच्या चर्चमध्ये आवाज इतका घुमतो की शेवटची अक्षरं पुढच्या शब्दावर चढतात. मिक्सरच्या 'ऑक्स' या जादा आउटपुटमधून वेगळी वायर काढा, फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीच्या) आधीची, म्हणजे हॉलचा आवाज कमी-जास्त झाला तरी त्याच्या कानातला बदलत नाही. त्यात वेदीचा माईक आणि वाचनपीठाचा माईक एवढेच घ्या. गायनमंडळ आणि कीबोर्ड त्यात आला की गीत संपल्या संपल्या सुरू होणारं फादरांचं पहिलं वाक्य हमखास जातं. हीच वायर कुणी चुकून ट्रान्समीटरच्या माईकच्या भोकात खुपसली तर आवाज फाटतो, कारण मिक्सरचा सिग्नल माईकपेक्षा कितीतरी जोरकस असतो. 'लाइन' असं लिहिलेलं भोक वेगळं असेल तरच वापरा, नसेल तर मध्ये सिग्नल कमी करणारा जोड घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अटेन्युएटर म्हणून मिळतो.

कानात आवाज नाही, पिन हलवली की येतो, अशी तक्रार आली तर दहात नऊ वेळा दोष पिनेचा. रिसीव्हर मोनो आणि बाहेरून आणलेला इअरफोन स्टिरिओ, किंवा उलट. जोडीचे इअरफोन जास्तीचे मागवून ठेवा, मोबाइलचे लावत बसू नका.

खारी हवा

अर्धा गुण इथे गेला. चार्जिंगच्या पेटीत प्रत्येक रिसीव्हरच्या खोबणीत तळाला दोन बारीक सोनेरी पिना असतात, वर रिसीव्हर बसतो. समुद्रापासून जवळच्या चर्चमध्ये एका पावसाळ्यात त्या पिनांच्या मुळाशी हिरवट-पांढरी पूड धरते. दिवा लागतो, म्हणून सगळ्यांना वाटतं चार्ज होतंय. प्रत्यक्षात संपर्क मधूनमधून तुटत असतो आणि रविवारी प्रवचनाच्या मध्यावर सात-आठ रिसीव्हर एकदम मान टाकतात. लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली. बॅटरी ठणठणीत असते.

पिना महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा थर पिनेवर राहतो आणि त्यावर धूळ बसते. पेटी सॅक्रिस्टीच्या दगडी कपाटात ठेवू नका, तिथे ओल असते. झाकणाला रबरी कड असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलसकट ठेवा. सुट्या दाण्यांचं केशरी सिलिका जेल घ्या. रंग बदलला की ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. निळं घेऊ नका, त्यातला कोबाल्ट विषारी.

बॅटरी दर रविवारनंतर पूर्ण भरून ठेवायची सवयही मोडा. लिथियमची बॅटरी उन्हाळ्याच्या उकाड्यात पूर्ण भरलेली पडून राहिली की लवकर म्हातारी होते. आठवडाभर अर्धी राहू द्या, शनिवारी संध्याकाळी भरा. महावितरणच्या कृपेनं शनिवारी वीज जाणार असेल तर शुक्रवारी.

अंदाज एका गोष्टीचा ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी नांगरल्या की खलाशी गावी जातात, आंब्याचा हंगामही तोवर आटपलेला असतो. या दोन महिन्यांत वीसपैकी चार रिसीव्हर बाहेर निघाले तर 'लोकांना नको आहे' असा निष्कर्ष काढून संच गुंडाळून ठेवू नका. हिशोब ऑक्टोबर ते मे असा धरा.

माईकमागचा माणूस

संच कितीही चांगला घ्या, मागे माणूस बरोबर नसेल तर पैसे पाण्यात. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चुकीची निवड म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, हिंदी फर्डा बोलणारी स्थानिक मुलगी. तिचं हिंदी टीव्हीचं असतं. झारखंडचा माणूस घरात कुडुख (उरांवांची भाषा) किंवा मुंडारी बोलतो, बाजारात सादरी आणि पुस्तकी हिंदी त्याला शाळेपुरतं. सादरीच्या वळणाचं, सोप्या वाक्यांचं हिंदी बोलणारा त्यांच्यातलाच माणूस हवा, ज्याला इथे चार-पाच वर्षं झालीत आणि मराठी कळतंय. असा माणूस प्रत्येक खाणीवर, प्रत्येक साइटवर एखादा तरी असतो, मुकादमाशी बोलणारा तोच. स्थानिक मुलीला त्याच्या जोडीला बसवा: ती बायबलमधली नावं आणि धार्मिक शब्द सांभाळते, तो बोली सांभाळतो. ही जोडी जमली तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात, कारण त्या निमित्तानं दोन घरांचं एकमेकांकडे येणं-जाणं सुरू होतं.

फादरांनी प्रवचनाचे मुद्दे शुक्रवारपर्यंत द्यावेत, निदान अर्धं पान. म्हणी, विनोद आणि मालवणी कोट्या असतील तर त्या आधी सांगाव्यात. शिक्षा, चेष्टा यांसारखे शब्द दोन्ही भाषांत आहेत आणि अर्थ भलतेच, त्यांची छोटी यादी माईकशेजारी चिकटवून ठेवा. आकडे, तारखा, माणसांची नावं भाषांतरकारानं कागदावर टिपत जायची. प्रवचन देणाऱ्यानं भाषांतरासाठी मध्ये थांबायची गरज नाही, पण वाक्य पुरं करायची सवय मात्र लावून घ्यावी. अर्ध्यावर सोडलेल्या वाक्याचं भाषांतर जगात कुणाला करता आलेलं नाही.

वाटप, आणि तिथे होणारी चूक

दारात टेबल मांडलं, वर पाटी लावली 'हिंदी भाषिकांसाठी', आणि आधार कार्ड ठेवून रिसीव्हर द्यायला सुरुवात केली. संच हरवू नये म्हणून केलेली ही व्यवस्था संचाचा खून करते. साइटवर ठेकेदार ज्यांची कागदपत्रं अडकवून ठेवतो त्या माणसांकडून देवळाच्या दारात पुन्हा कागद मागायचा? ते टेबल टाळून आत जातात आणि न कळणारं प्रवचन निमूट ऐकतात.

त्याऐवजी खिळ्यांचा फळा करा. वीस खिळे, वीस आकडे, प्रत्येक रिसीव्हरवर तोच आकडा. उचलायचा आणि जाताना अडकवायचा. मिस्सेनंतर रिकामा खिळा लांबूनही दिसतो. चुकून खिशात राहिलेला रिसीव्हर पुढच्या रविवारी येतो. तो चोरून कुणी करणार काय, ट्रान्समीटरशिवाय त्याचा काही उपयोग नाही. इअरफोनवरचे स्पंज दर वेळी बदलायचे, ते स्वस्त असतात. प्लास्टिकचा भाग स्पिरिटनं पुसायचा.

पण खरी चूक पाटीवरच्या शब्दांतच आहे. कानात यंत्र म्हणजे परगावचा माणूस अशी खूण पक्की झाली की ती माणसं एका कोपऱ्यात बसायला लागतात, सोबतीनं आणि थोडं संकोचानं. बघता बघता उजवीकडचे मागचे चार बाक 'त्यांचे' होतात. ज्या पॅरिशमध्ये पुढचे बाक कुठल्या वाडीचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे तिथे तर हे फार लवकर होतं. एकोपा व्हावा म्हणून आणलेल्या यंत्रानं चर्चमध्ये आणखी एक वाडी उभी केली.

यावर आम्ही पाहिलेला सगळ्यात चांगला उतारा सोपा आहे. संचासोबत दुसरा ट्रान्समीटर घ्या, म्हणजे दोन चॅनेल. एकावर हिंदी. दुसऱ्यावर कुठलंही भाषांतर नाही, मिक्सरमधून आलेला फादरांचा मूळ मराठी आवाज थेट. हा कुणासाठी? पहिल्या बाकावरच्या, कानानं अधू झालेल्या आज्यांसाठी. प्रत्येक पॅरिशमध्ये अशी पाच-दहा म्हातारी माणसं असतातच, वर्षानुवर्षं प्रवचनातलं अक्षर न कळता येणारी. त्यांच्या कानात यंत्र आलं की ती खूण पुसली जाते. फळ्यापाशी गावातली आजी आणि झारखंडातल्या सिमडेग्याचा पोरगा एकाच खिळ्याकडे हात नेतात, पोरगा तिला चॅनेल लावून देतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या कानात इअरफोन बसत नाही. त्यांच्यासाठी तीन-चार मोठे, कान झाकणारे हेडफोन ठेवा, किंवा त्यांच्या यंत्रात 'टी' (टेलिकॉइल) अशी सोय असेल तर आवाज थेट यंत्रात पोहोचवणारी, गळ्यात घालायची नेकलूप घ्या.

आणि महिन्यातून एकदा यंत्र उलटं चालवा. पहिलं वाचन सादरीत किंवा हिंदीत होऊ द्या, त्यांच्यातल्या वाचकाकडून, वाचनपीठावरून. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेतली एक विनंती मल्याळममध्ये होऊ द्या, प्रतिसाद सगळ्यांचा मराठीत. त्या वेळी हेडसेट मराठी माणसांच्या कानात, चॅनेलवर मराठी. वीसच नग आहेत, म्हणून पहिला मान पॅरिश कौन्सिलच्या सभासदांना द्या. बाकीच्यांना वाचनाचा मराठी कागद. दुसऱ्याच्या भाषेत काहीही न कळता पाच मिनिटं बसणं म्हणजे काय, याचं शिक्षण कौन्सिलला होतं आणि पुढच्या बैठकीत बॅटऱ्यांचा खर्च बिनतक्रार मंजूर होतो. एक गुण आम्ही कापला तो हे न करणाऱ्यांचा आहे, यंत्राचा नाही.

दुसरे पर्याय, थोडक्यात

मोबाइलवरून ऐकवणारी ॲप्स: स्वस्त, पण आवाज उशिरा पोहोचतो, चर्चमधलं नेटवर्क भरलेल्या बाकांत झोपतं, आणि मोबाइल हातात आला की हात व्हॉट्सॲपकडे जातो. ज्याच्याकडे साधा फोन आहे तो बाहेर. पाचपैकी दोन.

प्रोजेक्टर: याची शिफारस आहे, हेडसेटच्या जोडीला. मराठी, हिंदी, नेपाळी, कोंकणी ही सगळी देवनागरीत वाचता येतात, कुडुखची गीतंही देवनागरीत मिळतात. एका पडद्यावर वर मराठी, खाली हिंदी, दोन-दोन ओळी, त्याहून जास्त नको. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या गीतांच्या फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडल्या की पडद्यावर भलतीच अक्षरं दिसतात, तेही नेमकं प्रवेशगीताला. पाचपैकी चार.

सगळी मिस्सा हिंदीत करून टाकणं: हा पर्याय दर पॅरिश बैठकीत कुणीतरी सुचवतंच, 'हिंदी सगळ्यांना कळते' म्हणून. कळत नाही. आजीला कळत नाही, केरळच्या नर्सला अर्धवट कळते, उरांव बाईलाही ती परकीच. शिवाय या किनाऱ्याला स्वतःची भजनं आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातच १८६१ साली जन्मले, त्यांची पदं इथल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही टाळांवर म्हटली जातात. ती काढून त्या जागी हिंदी कोरस आणले तर नव्यांचं स्वागत होत नाही आणि जुने मात्र परके होतात. पाचपैकी एक, तोही सुचवणाऱ्याच्या सदिच्छेला.

गाण्याचं म्हणाल तर झारखंडची मंडळी मांदर घेऊन आली तर येऊ द्या. मांदर दोन तोंडांचा असतो, अंग मातीचं, एका तोंडाला एक असे दोन माईक लागतात. एकच लावला तर नुसती थाप किंवा नुसता घुमार ऐकू येतो. ढोलकी आणि मांदर एकत्र वाजवायचे असतील तर आधी अर्धा तास बसून लय ठरवा, वेदीसमोर ठरवू नका. एक सादरी ध्रुवपद सलग चार रविवार तेच घ्या. दर आठवड्याला नवीन गीत आणलं तर चारही आठवडे फक्त आणणारेच गातात. आलेलुया, होसान्ना, आमेन यांना तर भाषांतर लागतच नाही, ते भाग लांबवा.

संच काय करू शकत नाही

प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात जेरुसलेमच्या मंडळीतलं पहिलं जाहीर भांडण आहे, आणि ते भाषेच्या गटांतलं आहे. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी भाषांतरकार नेमला नाही. वाटपाचं काम सात जणांच्या हाती सोपवलं, आणि स्तेफन, फिलिप धरून सातही नावं ग्रीक आहेत. तक्रार करणाऱ्यांच्याच हाती कोठार दिलं.

आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. ज्या पॅरिशमध्ये वीस रिसीव्हर बाहेर पडतात आणि कौन्सिलवर त्या वीसजणांतला एकही नाही, तिथे संच नुसता आवाज पोहोचवतोय. सणाच्या वर्गणीच्या समितीत, दफनभूमीच्या समितीत, ऑफिसच्या खिडकीवर त्यांचं माणूस हवं. लग्नासाठी गावच्या पॅरिशमधून सहा महिन्यांच्या आतला बाप्तिस्म्याचा दाखला मागवायचा असतो, साइटवर मेलेल्या माणसाला इथेच पुरायचं की गावी न्यायचं हे रात्रीत ठरवायचं असतं. त्या वेळी रविवारचा हेडसेट कपाटात असतो. भाषांतरकारांची जी जोडी तुम्ही तयार केलीत तिचे नंबर ऑफिसच्या दारावर लावा.

आणखी एक. 'हिंदीवाले' असा एकच गठ्ठा करू नका. उरांव, मुंडा, खडिया हे वेगवेगळे समाज आहेत, त्यांचे गावाकडचे मानपान वेगळे. केरळच्या लोकांत काही लॅटिन रीतीचे, काही सिरो-मलबार रीतीचे, म्हणजे केरळच्या जुन्या, स्वतःच्या उपासनाविधीचे कॅथलिक, ज्यांच्यासाठी कल्याणला १९८८ साली स्वतंत्र धर्मप्रांत झाला. एका गटाचा माणूस कौन्सिलवर घेतला म्हणजे सगळे आले असं होत नाही.

घेताना

वीस रिसीव्हर आणि दोन ट्रान्समीटर हे तीनशे-चारशे माणसांच्या पॅरिशला पुरतात. पन्नासचा संच गळ्यात मारायला बघतील, घेऊ नका. त्याच जातीचे नग पुढे वाढवता येतात का एवढं विचारा, आणि नवीन नग जुन्या ट्रान्समीटरशी जोडून दाखवायला सांगा. भरलेल्या चर्चमध्ये एका रविवारी चालवून दाखवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. जास्तीचे दहा इअरफोन, शंभर स्पंज आणि चार्जिंगच्या पेटीचा वेगळा ॲडॅप्टर त्याच बिलात घाला, नंतर एकटा ॲडॅप्टर शोधताना नाकी नऊ येतात.

खरेदी ऑक्टोबरात करा. बागांवर आणि बोटींवर माणसं परतलेली असतात, वापर लगेच सुरू होतो, आणि एक वर्षाच्या वॉरंटीत पुढचा अख्खा पावसाळा बसतो. पिनांचा गंज वॉरंटीत धरलाय की नाही हे तोंडी विचारू नका, बिलावर लिहून घ्या.